भेट माणसाला द्या, घराला नाही: पदवीधर आणि नवरीसाठी खरेदी



लग्नसराई आणि परीक्षांचे निकाल जवळ आले की मला येणारे प्रश्न बदलतात. एरवी पेन्शन, कॅन्टीन कार्ड, मुलांचे एसएसबी इंटरव्ह्यू यावर विचारणा असते. या दिवसांत मात्र विचारतात ते असं: "साहेब, पुतण्या इंजिनीअर झाला, दोन हजारांत काय द्यावं?" किंवा "मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे. मोठ्या स्टोअरमध्ये दोन तास फिरलो आणि शेवटी डिनर सेटच घेऊन आलो. बरं केलं ना?" बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठूनही पत्र येवो, अडचण एकच असते. म्हणून आजचा भाग भेटवस्तूंवर.

तुम्ही म्हणाल, फौजी माणसाचा आणि लग्नाच्या आहेराचा काय संबंध? तर माझी नोकरी आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये झाली. सैन्याला कपड्यांपासून गाड्यांच्या सुट्या भागांपर्यंत हजारो वस्तू पुरवणं हे या कोअरचं काम. तिचं कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट आमच्या जबलपुरातच आहे. सामान निवडणं, तपासणं, त्याची नोंद ठेवणं यातच आयुष्य गेलं. आणि डेपोतला पहिला नियम असा की गोदामात काय पडलंय ते बघून माल पाठवायचा नाही. ज्याला तो वापरायचाय त्याची मागणी आधी हातात हवी. लेहच्या जवानाला एक लागतं, जैसलमेरच्या जवानाला दुसरं.

भेटवस्तू घेताना आपण नेमकं उलटं करतो. आधी दुकानात शिरतो, समोर मांडलेलं बघतो आणि मग त्यातलं कुणाला काय खपेल याचा हिशेब करतो. आज मला जे सांगायचंय ते थोडक्यात एवढंच: भेट ज्या माणसाला द्यायची त्याच्या पुढच्या वर्षभराच्या जगण्याकडे बघून निवडा, आणि ती त्याच माणसाच्या मालकीची राहील अशी द्या. पहिल्या भागात चुकलं तर पैसे माळ्यावर जातात. दुसऱ्या भागात चुकलं तर कधी कधी एखाद्या मुलीचा हक्क जातो.

एका छपराखालचं दुकान

एका छपराखाली सगळं मिळणारं दुकान आपल्याला नवीन नाही. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ साली सुरू केलेला अपना बाजार कित्येक मराठी घरांना ठाऊक आहे. फौजेचं कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटही १९४८ चंच, आणि त्याचं मुख्यालय मुंबईत आहे. आमच्या पिढीच्या फौजी कुटुंबांनी साबणापासून फ्रिजपर्यंत सगळं तिथूनच घेतलं. जबलपुरात पूर्वी कपडे सदर बाजारात, भांडी बडा फुहाऱ्याकडे, दागिने कमानिया गेटजवळच्या सराफ्यात अशी फेरी असायची. आता मॉलमधल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सगळं एकत्र मिळतं.

कॅन्टीनबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण दर लग्नसराईत मला विचारतात: "साहेब, तुमच्या कार्डावर एक मिक्सर काढून द्या ना." कॅन्टीनमधली सवलत सैनिकासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी आहे. तो माल दुसऱ्याला विकायचा नाही. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढून देणं हेही तेच झालं. मी नम्रपणे नाही म्हणतो. तुम्हीही कुणा माजी सैनिकाला या पेचात टाकू नका.

आता डिपार्टमेंट स्टोअरची मांडणी बघा. दारातून आत गेलं की अत्तरं, घड्याळं, पर्स, चमचमणारे काउंटर. रोजच्या उपयोगाच्या वस्तू, म्हणजे चादरी, टॉवेल, कुकर, डबे, बॅगा, बहुधा आतल्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर. जो ठरवून येत नाही त्याचे पैसे पहिल्या पन्नास पावलांतच खर्च व्हावेत, अशी ही रचना आहे. यात फसवणूक काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. आपण मात्र कागदावर तीन गोष्टी लिहून आत जावं: कुणासाठी, किती रुपयांपर्यंत, आणि ती व्यक्ती पुढच्या वर्षी कुठे राहणार.

दुसरी गोष्ट सवलतीची. "पन्नास टक्के सूट" ही छापील कमाल किमतीवर असते. एमआरपी म्हणजे त्यापेक्षा जास्त घेता येत नाही अशी किंमत, आणि सगळे कर तिच्यात धरलेले असतात. ती वस्तूची खरी किंमत आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा सूट किती हे न बघता हातातून किती रुपये जाणार ते बघा, आणि तीच वस्तू दुसरीकडे कितीला आहे ते फोनवर एकदा पडताळा. "दोन घ्या, एक फुकट" या योजनेत तर तिसरी वस्तू कुणाला द्यायची हे आधी ठरलेलं असेल तरच पडा.

पदवीधराला काय द्यावं

पदवीधर तीन प्रकारचे असतात. पहिला नोकरी लागून गाव सोडणारा. दुसरा पुढे शिकणारा किंवा स्पर्धा परीक्षेला बसणारा. तिसरा गावातच राहून नोकरी शोधणारा किंवा घरचा व्यवसाय बघणारा. तिघांच्या गरजा निराळ्या, पण आपण तिघांनाही पेनचा सेट नाहीतर भिंतीवरचं घड्याळ देतो.

पहिला प्रकार घ्या. जबलपूरचं इंजिनीअरिंग कॉलेज १९४७ सालचं. तिथून आणि इथल्या इतर कॉलेजांतून दरवर्षी मुलं-मुली पुणे, हैदराबाद, बंगळूरला जातात. तिथे गेल्यावर पहिला महिना सगळ्यात कठीण. घरमालकाला आगाऊ रक्कम द्यायची असते आणि पगार हातात पडायला महिना लागतो. अशा वेळी पाकिटातली रोख रक्कम ही सगळ्यात उपयोगी भेट. "रोख देणं बरं दिसत नाही" ही आपली समजूत आहे. त्या मुलाला ते फार बरं दिसतं.

वस्तूच द्यायची असेल तर खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय दहाची खोली, त्यात बहुधा दोघं. दोन चांगल्या सुती चादरी, जाड टॉवेल, झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, नीट बनवलेली प्रवासी बॅग. बॅग घेताना रिकामी उचलून बघा. देशातल्या विमानप्रवासात बहुतेक कंपन्या सामानासाठी पंधरा किलो आणि हातातल्या बॅगेसाठी सात किलोची मर्यादा ठेवतात. रिकामी बॅगच चार किलोंची असेल तर आत काय भरणार? चाकं फरशीवर फिरवून बघा, दांडा चार वेळा वर-खाली करा. दुकानदाराला राग येत नाही, आला तर येऊ द्या.

दुचाकी चालवणाऱ्यासाठी हेल्मेट ही उत्तम भेट आहे. त्यावर आयएसआय चिन्ह हवंच, ते नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला परवानगी नाही. माप मात्र डोक्याचं घ्यावं लागतं. म्हणून त्या मुलाला किंवा मुलीला दुकानात बरोबर न्या. भेट गुपितच असली पाहिजे असा नियम कुणी केला? चपला-बूट, चष्म्याची फ्रेम, फॉर्मल कपडे यांनाही हेच लागू. अंदाजाने घेतलेला शर्ट खांद्यात बसत नाही आणि मुलगा भिडेपोटी "मस्त आहे, काका" म्हणून कपाटात ठेवून देतो.

दुसरा प्रकार, पुढे शिकणाऱ्याचा. त्याला लागतो चांगला टेबल लॅम्प, पाठीला आधार देणारी खुर्ची, कागदपत्रं नीट राहतील अशी फाइल, किंवा पुस्तकांसाठी पैसे. विद्यार्थी वसतिगृहात जाणार असेल तर आधी विचारा: तिथे विजेची शेगडी, किटली चालते का? अनेक ठिकाणी नाही चालत, आणि मग तुमची महागडी किटली वॉर्डनच्या कपाटात जाते.

तिसऱ्या प्रकाराशी जपून वागा. ज्याची नोकरी अजून लागली नाही त्याला आपण "आता लाग कामाला" असं सुचवणारी भेट देऊ नये. मुलाखतीला घालता येतील असे बूट द्या, पण ते देताना भाषण देऊ नका.

मुलीची पदवी म्हणजे लग्नाची पूर्वतयारी नव्हे

इथे थोडं थांबतो, कारण हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या ओळखीतल्या एका घरी मुलगी पहिल्या वर्गात इंजिनीअर झाली. घरी छोटा समारंभ होता. तिला तीन डिनर सेट आले, एक चांदीची कुंकवाची कोयरी आली, आणि देणाऱ्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं: "लग्नात उपयोगी पडेल." त्याच महिन्यात ती हैदराबादला नोकरीवर रुजू झाली. बॅग, बूट, गाद्या, सगळ्यासाठी वडिलांकडून पैसे घेऊन गेली. डिनर सेट आजही माळ्यावर आहेत.

देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या मुलीला काय ऐकू गेलं? चार वर्षं अभ्यास केला त्याबद्दल कुणी काही दिलंच नाही. जे दिलं ते पुढे होणाऱ्या नवरीला. तिच्या भावाला, तो पदवीधर झाला तेव्हा, कुणी कुकर दिला होता का? मुलगा असो की मुलगी, पदवीची भेट पदवीसाठी द्या. लग्न होईल तेव्हा लग्नाचा आहेर वेगळा करा.

नवरीचा आहेर

आता लग्नाकडे येऊ. आपल्याकडे आहेर, इथल्या हिंदी भागात 'व्यवहार'. दोन्हीकडे पाकीट द्यायची आणि ते वहीत लिहायची पद्धत आहे. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक, वरचा रुपया शुभ म्हणून. काही पत्रिकांवर "कृपया आहेर आणू नये" असं छापलेलं असतं. तसं असेल तर ते खरं माना. तिथे डबा घेऊन जाणं म्हणजे यजमानाला अवघड करणं.

भेट द्यायचीच असेल तर नवरीकडून किंवा तिच्या जवळच्या मैत्रिणीकडून चार गोष्टी काढून घ्या. लग्नानंतर दोघं वेगळी राहणार की भरल्या घरात जाणार? कुठल्या गावी? भाड्याच्या घरात की स्वतःच्या? आणि घरात आधी काय आहे? भरल्या घरात जाणाऱ्या मुलीला मिक्सर दिला तर तो घरातला तिसरा मिक्सर होतो. तिथे तिला स्वतःपुरतं काही हवं असतं: तिच्या कपाटासाठी, तिच्या टेबलासाठी, तिच्या ऑफिससाठी. परगावी दोघंच राहणार असतील तर घर मांडायच्या वस्तू खरंच लागतात, पण त्या वजनाला आणि आकाराला बेताच्या असाव्यात.

फौजेत आम्ही हे चांगलं शिकलो. दर दोन-तीन वर्षांनी बदली. प्रत्येक बदलीला निरोपाची जेवणावळ आणि पितळी ढाल नाहीतर लाकडी फळीवर बसवलेलं मानचिन्ह. ती सगळी काळ्या ट्रंकांत भरून काश्मीरहून ईशान्येला, तिथून पुन्हा जबलपूरला फिरायची. त्यांचा मान आहेच. पण मला पदवीनंतर मामांनी दिलेली सोलापुरी चादर मात्र ट्रंकेत कधी गेली नाही, ती नेहमी अंगावर होती. नोकरीनिमित्त फिरणाऱ्या आजच्या जोडप्यांचं तसंच आहे. पॅकर्सवाल्याला पैसे देऊन दर दोन वर्षांनी जी वस्तू न्यावीशी वाटेल तीच चांगली भेट.

विजेची उपकरणं घेताना तारांकित लेबल बघा. जास्त तारे म्हणजे कमी वीज, पण लेबलवरचं वर्षही वाचा, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या वर्षाचे पाच तारे आजच्या पाचाएवढे नसतात. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दोघांच्या घराला तीन लिटरचा कुकर पुरतो, पाच लिटरचा वरच्या फळीवर बसून राहतो. आणि वॉरंटी साधारणपणे बिलाच्या तारखेपासून मोजतात, लग्नाच्या तारखेपासून नव्हे. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून सहा महिने आधी घेतलेल्या मिक्सरची अर्धी वॉरंटी तुमच्याच कपाटात संपते.

एकट्याने लहान वस्तू देण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून एक मोठी वस्तू द्यावी, हा मार्ग मला फार आवडतो. ऑफिसमध्ये, सोसायटीत, महिला मंडळात हे सहज जमतं. नवरीला विचारून एक वॉशिंग मशीन किंवा शिवणयंत्र घेता येतं, आणि ते तिच्या नव्या गावातल्या पत्त्यावरच पोचवायची सोय करता येते. कार्डावर सगळ्यांची नावं घाला, कुणी किती दिले ते लिहू नका.

ज्यांना आपल्या भागाची खूण द्यायची आहे त्यांच्यासाठी इथे पर्याय आहेत. चंदेरी आणि माहेश्वरी साड्या तर मराठी घरांना परक्या नाहीत. माहेश्वरीचं नाव अहिल्याबाई होळकरांशी जोडलेलं आहे. आमच्या शेजारी बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीची हातमागाची साडी आणि भेडाघाटची दगडी कलाकुसर, दोन्हींना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साडी बिनधास्त द्या. भेडाघाटची मूर्ती देताना मात्र लहान घ्या आणि पेटीत कापडाचे तुकडे भरून द्या. दगड मऊ असतो, प्रवासात कोपरे उडतात.

सोनं देताना

सोन्याच्या दागिन्यावर तीन खुणा बघा: भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. बावीस कॅरटला ९१६, अठरा कॅरटला ७५० असा आकडा असतो. एचयूआयडी प्रत्येक दागिन्याचा वेगळा. 'बीआयएस केअर' नावाच्या सरकारी अॅपमध्ये तो घातला की दागिना कुठे तपासला, शुद्धता किती, हे दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे, भीड धरू नका.

दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. आहेरात आपण बहुधा एक ग्रॅमचीच वस्तू देतो. म्हणजे तिथे बिल हाच पुरावा. बिलावर वजन, कॅरट, मजुरी वेगवेगळी लिहून घ्या आणि ते बिल नवरीच्याच हातात द्या.

आहेराची वही आणि कायदा

आता आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. लग्नात दिलेली वस्तू कुणाची?

आपल्या आज्या आहेराची वही ठेवायच्या. कुणी काय दिलं, किती दिलं, सगळं तारीखवार. ती वही पुढे परतफेडीसाठी उपयोगी पडायची. पण तिचा दुसरा उपयोग आज जास्त महत्त्वाचा आहे, आणि फार थोड्या घरांना तो माहीत आहे.

हुंडाबंदी कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ मध्ये नियम झाले, ते लग्नातल्या भेटींच्या यादीबद्दल आहेत. मागणी न करता दिलेल्या भेटींना कायद्याची हरकत नाही, पण त्यांची यादी करायला सांगितलं आहे. नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीने ठेवायची, नवऱ्या मुलाला मिळालेल्यांची त्याने. यादी लग्नाच्या वेळी किंवा नंतर शक्य तितक्या लवकर करायची, लेखी. तिच्यात प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि नातं असेल तर ते. खाली दोघांच्याही सह्या. नातेवाइकांच्या भेटी रीतीला आणि ऐपतीला धरून असाव्यात, असंही कायदा म्हणतो.

म्हणजे बघा, आज्जीची वहीच ती. फक्त दोन सह्या वाढल्या.

याचं कारण सांगतो. १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्त्रीधन ही त्या स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे. सासरच्या कपाटात ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तिला मिळालेल्या भेटी यात येतात. सगळं सुखाने चालतं तेव्हा हा प्रश्न कुणी काढत नाही, आणि काढूही नये. पण सुनेचा नवरा अकाली गेला, किंवा दोघांचं पटलं नाही, की पहिला वाद "ते दागिने आमचे" इथे येतो. माझ्या नोकरीच्या काळात जवानांच्या विधवांच्या अर्जांतून हे वाचलं आहे. ज्या मुलीकडे कागद होता तिचं म्हणणं ऐकलं गेलं. जिच्याकडे नव्हता तिला शेजारणींच्या साक्षी गोळा करत फिरावं लागलं.

म्हणून भेट देणाऱ्याने तीन साध्या गोष्टी कराव्यात. एक, पाकिटावर आणि कार्डावर नवरीचं नाव लिहावं. "चि. सौ. कां. अमुक हिला" असं. नुसतं "नवदांपत्यास" लिहिलं तर वस्तू कुणाची हे कोण ठरवणार? दोघांसाठी असेल तर दोघांची नावं लिहा, पण विचार करून. दोन, बिल शक्य असेल तर तिच्या नावाने करावं. किंमत दिसू नये असं वाटत असेल तर बिल वेगळ्या बंद पाकिटात घालून तिच्याकडे द्यावं. तीन, घरातल्या एका शांत माणसाला यादीचं काम सोपवायला तिच्या आईवडिलांना सुचवावं. फोनवर फोटो काढून ठेवले तर आणखी चांगलं.

आणि जिथे मुलाकडून "गाडी द्या, फ्लॅटचं फर्निचर द्या" अशी मागणी आली असेल, तिथे ती वस्तू भेट म्हणून सजवायला आपण मदत करायची नाही. मागून घेतलेल्या वस्तूला कितीही सुंदर कागद लावला तरी तो हुंडाच.

कर, गिफ्ट कार्ड आणि बिल

कराबद्दल नेहमी विचारतात. ज्याचं लग्न आहे त्याला लग्नानिमित्त मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर नाही, रक्कम कितीही असो. ही सूट लग्नाला आहे, पदवीला नाही. पदवीधराला आईवडील, सख्खे भाऊबहीण, काका, मामा, मावशी, आत्या यांनी दिलेले पैसे करमुक्त असतात, कारण ते कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहेत. मित्र आणि चुलत-मावस भावंडं त्यात येत नाहीत. अशांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम एकूण पन्नास हजारांच्या वर गेली तर सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. साध्या घरात हा आकडा गाठला जात नाही, पण माहीत असावा.

गिफ्ट कार्ड दोन प्रकारची. बँकेचं कार्ड बहुतेक दुकानांत चालतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते दहा हजारांपर्यंतचंच असतं आणि पुन्हा भरता येत नाही. दुकानाचं स्वतःचं कार्ड फक्त त्याच्या शाखांत चालतं. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: शेवटची तारीख कोणती, आणि ज्याला देणार त्याच्या गावात शाखा आहे का? जबलपुरात घेतलेलं कार्ड लातूरला जाणाऱ्या मुलीच्या काय कामाचं?

शेवटी बिलाच्या काउंटरवरची कवायत. वस्तू बांधण्याआधी पेटी उघडून घ्या. प्लेटा मोजा, काचेला तडा आहे का बघा, उपकरण लावून दाखवायला सांगा. वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. बदलून देण्याची मुदत किती दिवस आणि बदलायला मूळ बिलच लागतं का, ते विचारा. किमतीची चिकटपट्टी काढा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं बिलावर छापलेलं असलं तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण हे सगळं सदोष मालासाठी. रंग आवडला नाही म्हणून बदलून देणं हे दुकानाच्या मर्जीवर आहे.

निघण्यापूर्वी

आजचं सगळं एका चिठ्ठीवर मावतं. ती लिहून पाकिटात ठेवा आणि मग दुकानात जा.

१. ही भेट कुणाच्या हातात जाणार, त्याचं नाव.
२. ती व्यक्ती पुढचं वर्ष कुठे आणि कुणाबरोबर राहणार.
३. तिला विचारलं का? नसेल तर कुणाला विचारता येईल.
४. माझी मर्यादा किती रुपये.
५. बिल, वॉरंटी, हॉलमार्क कुणाकडे द्यायचं.

पाचही ओळी भरल्या तर दुकानात वीस मिनिटं पुरतात. दुसरी ओळ कोरी राहिली तर सरळ पाकीट द्या, वर तिचं नाव लिहा, आणि आत दोन ओळींचं पत्र घाला. पत्राला खर्च नाही आणि ते माळ्यावर जात नाही.

एक काम मात्र याच लग्नसराईत करा. तुमच्या घरात लग्न असेल तर आहेराची वही काढा, आणि शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या घ्या. जावई समजूतदार असेल तर तो स्वतःच पेन काढेल.

पुढच्या भागात निवृत्तीनंतरच्या घरखर्चाचा हिशेब बघू. तुमचे प्रश्न लिहून पाठवा. नमस्कार, जय हिंद.